कानातली नस आणि कडप्प्याचा ओटा

सासरी, सौंसरच्या घरात, ओटा झाला, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात मला टायफॉईड झाला होता. लग्नाला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. माझं माहेर सावरगावचं, पांढुर्ण्याच्या समोर, जाम नदी ओलांडली की आमचं घर. वडिलांची संत्र्याची बाग होती आणि थोडी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. सासरे तहसीलीतून रिटायर झालेले, भासरे, म्हणजे थोरले दीर, बाजारात कापडाच्या दुकानात बसत, आणि माझे यजमान सरकारी शाळेत मास्तर. सासूबाई मऊ स्वभावाच्या, कोणी जोरात बोललं की गप्प होणाऱ्या. आणि घरात जोरात बोलणारी एकच होती, माझी थोरली जाऊ, दोन मुलींची आई. तिचं माहेर नागपूरचं. ते ती कोणाला विसरू देत नसे.

ताप उतरला, पण अंगात काहीतरी बिघडून गेलं. बसले असले की मी ठणठणीत. उभी राहिले की छातीत एकदम घोडा सुटायचा. कोणी मागे लागल्यासारखं काळीज धावायचं, कानात ठोके ऐकू यायचे, पाय जड व्हायचे आणि डोळ्यांपुढे मुंग्या धावायच्या. अंगणात कपडे वाळत घालताना पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, अशक्तपणा असेल, जाईल. मी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, कारण दिवसभराचं माझं काम बसून होतं. चुलीपुढे पाटावर बसून भाकरी, पोळ्या, भाजी, सगळं. विळीवर चिरायचं तेही बसून. पाणी भरताना तेवढं उभं राहावं लागे, तर मी मधे मधे ओसरीवर टेकायची.

मग त्या हिवाळ्यात गॅस आला. जावेच्या वडिलांनी नागपुरात ओळख काढून नंबर लावून दिला होता. गॅस आला म्हणून गवंडी आला, आणि चूल फोडून त्या जागी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओटा उभा राहिला. वर काळा कडप्पा. जाऊ रोज त्यावर तेलाचा बोळा फिरवायची, तोंड दिसेल इतका चमकवायची. गल्लीतल्या बायका पाहायला यायच्या आणि ती सांगायची, "आता वाकणं नाही, धूर नाही. उभ्याउभ्या सैपाक. नागपूरले सगळ्यांकडे असंच हाय."

बायका ओट्यावर हात फिरवून जायच्या. मी दाराशी बसून पाहायची. मला त्या काळ्या दगडाची तेव्हाच भीती वाटली होती.

पहिल्याच दिवशी दहाबारा पोळ्यांत मी खाली बसले. भिंतीला पाठ घासत, लाटणं हातात घेऊनच. जाऊ धावत आली, पाणी दिलं, तोंडावर पदर फिरवला. तेवढं खरं सांगायला हवं. दुसऱ्या दिवशीही तिने पाणी दिलं. त्या आठवड्याच्या शेवटी तिने पाणी दिलं नाही.

"रोज रोज काय होऊन राहिलं तुले?"

"उभी राहिली का छाती धडधडते, जाऊबाई. अंधारी येते."

"उभं राहाले काय लागते वं? पाय हायेत ना दोन?"

मी बैठकीतलं लाकडी स्टूल आणून ओट्यापाशी ठेवलं. स्टुलावर बसून हात वर करून लाटणं अवघड होतं, खांदे भरून यायचे, पण काळीज शांत राहायचं. दोन दिवस तसं चाललं. तिसऱ्या दिवशी स्टूल नव्हतं. जावेने ते माडीवर नेऊन त्यावर तुळशीच्या रोपांची कुंडी ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाली, "ओटा उभ्यानं काम कराले असते. स्टुलावर बसून पोळ्या लाटतं का कोणी? बाया पाहून हसतात."

सासूबाईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिचंही बरोबर हाय, तुहंही बरोबर हाय." आणि जपमाळ घेऊन बसल्या. यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "हळूहळू सवय होते." सासऱ्यांनी मात्र मला यजमानांसोबत गावातल्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवून छातीला नळी लावली. म्हणाले, हार्ट एकदम ठीक आहे. टॉनिकची बाटली दिली आणि यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं की मनाचं आहे, मूलबाळ झालं की जाईल. मी खुर्चीवरून उठून दारापर्यंत आले तेव्हा काळीज पुन्हा पळायला लागलं होतं, पण तोवर त्यांनी पुढच्या पेशंटला आवाज दिला होता.

डॉक्टरनेच मनाचं म्हटलं म्हटल्यावर जावेला रान मोकळं झालं. ती गल्लीभर सांगू लागली, "ढोंग हाय सारं. तिले वेगळं राहाचं हाय, म्हणून हे नाटक." हळदीकुंकवाला गेले की बायका मला खुर्ची द्यायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या.

संक्रांतीच्या सुमारास भजी तळताना मी पडले. पडताना हात कढईच्या दांड्याला लागला, आणि तेल उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत. मी ओरडले. जाऊ आली. तिने आधी गॅस बंद केला, मग कढई उचलली, उलटी करून पाहिली की पोचा तर आला नाही, मग कडप्प्यावरून हात फिरवून पाहिला की चीर तर गेली नाही. त्यानंतर ती माझ्याकडे वळली. ते दोन क्षण मी जमिनीवरून पाहिले. हातावरचा डाग आता फिका पडलाय. ते दोन क्षण तसेच आहेत.

त्या दिवसापासून मी तिचं वाईट चिंतायला लागले. लपवून ठेवण्यासारखं मला त्यात काही वाटत नाही. तिच्या लग्नातल्या शालूवर कात्री चालवावी. तिच्या माहेरची माणसं जेवायला बसली असताना आमटीत मिरची ओतावी. ओट्यावर वरवंटा घालून कडप्प्याचे दोन तुकडे करावेत आणि तिला झाडायला लावावं. हात बांधलेला असल्यामुळे मला तेव्हा कामं कमी होती, आणि बसल्याबसल्या मी असल्या गोष्टी इतक्या बारकाईने ठरवायची की कात्रीचा आवाजही मला ऐकू यायचा. त्याने मला बरं वाटायचं. टॉनिकने वाटत नव्हतं.

हात भाजल्याचं कळल्यावर वडील आले. ते फार बोलणारे नव्हते. त्यांनी माझा हात पाहिला, ओटा पाहिला, आणि सासऱ्यांना म्हणाले, "पोरीले नागपूरले दाखवून आणतो." सौंसरच्या स्टँडवरून आम्ही बस धरली. स्टँडवर उभं राहवेना म्हणून मी संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर बसले आणि वडील माझ्यापुढे उभे राहिले, लोकांना दिसू नये म्हणून.

नागपूरचे डॉक्टर म्हातारे होते, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी मला टेबलावर आडवं केलं आणि मनगट धरून बसले. मग म्हणाले, "आता उठ. भिंतीला टेकू नको. नुसती उभी राहा." मनगट त्यांनी सोडलं नाही. मी उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांची बोटं घट्ट झाली, भुवया वर गेल्या.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"टायफॉईड झाला तेव्हापासून."

"आणि लोक काय म्हणतात?"

"ढोंग म्हणतात."

ते माझ्या वडिलांकडे वळले. "पाहा, ढोंगाने रडता येतं, पडता येतं. नाडी अशी पळवता येत नाही."

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. मी मात्र रडले नाही. मला फक्त वाटलं, हे वाक्य जावेने ऐकायला हवं होतं.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. उभं राहिलं की रक्त पायाकडे उतरतं. निरोगी माणसात ते आपोआप सावरलं जातं. माझ्यात ते सावरलं जात नाही, म्हणून काळीज घाबरून धावतं. त्याला आवरणारी एक मोठी नस मानेतून खाली छातीत जाते, तिचा आवर माझ्यात ढिला पडला आहे. पाणी खूप प्यायचं, मीठ जास्त खायचं, पायांना घट्ट पट्ट्या बांधायच्या, झटकन उठायचं नाही. एवढं सांगून ते थांबले. मग टेबलाच्या खणातून साबणाच्या डबीएवढा एक डबा काढला. त्याला एक बटण, एक लाल दिवा आणि बारीक वायरच्या टोकाला चिमटा.

"हे मी दुखण्यासाठी वापरतो, सुया लावतात त्याच्यासोबत," ते म्हणाले. "पण त्या मोठ्या नसेची एक बारीक फांदी कानात येते. तिला हलका करंट दिला तर काळीज आवरतं का, ते मला पाहायचं आहे. पुस्तकात हे नाही. गॅरंटी देत नाही. तुला नको असेल तर नको म्हण."

"लावा," मी म्हणाले.

कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो तिथे त्यांनी ओला कापूस ठेवून चिमटा लावला. डाव्या कानाला. बटण फिरवलं तसं मुंग्या चावल्यासारखं झालं, पण दुखलं नाही. बराच वेळ तसंच बसवून ठेवून त्यांनी मला पुन्हा उभं केलं. काळीज धावलं, पण पहिल्याइतकं नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, सुधारणा थोडी आहे, पण आहे. पुढचे काही आठवडे वडील मला नागपूरला नेत राहिले. मग डॉक्टरांनी डबाच माझ्याकडे दिला. सकाळ-संध्याकाळ लावायचा, आणि महिन्याने येऊन दाखवायचं.

मी घरी आणला. देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवायची. दोन वेळा भिंतीला टेकून बसायची, कानाला चिमटा. मिठाचं पाणी प्यायची, पायांना पट्ट्या बांधायची. उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी मी एका दमात घरभराच्या पोळ्या उभ्याने लाटल्या. आधीसारखी नाही, मधे ओट्याला रेलून, पण लाटल्या. सासूबाई म्हणाल्या, "फरक पडून राहिला बरं पोरीले." जाऊ ओट्यापाशी उभी होती.  मला तिचा चेहरा दिसला आणि मला फार गोड वाटलं. मी बरी झाले म्हणजे मी आजारी होते, आणि हे तिला कोणी न सांगता कळलं होतं.

बैलपोळ्याच्या आधी एका सकाळी न्हाणीत मला जळक्या रबराचा वास आला. अंगणात बंब पेटलेला होता, आणि त्यातून काळा धूर निघत होता. मी कोनाडा पाहिला. रिकामा. बंबाच्या खालच्या तोंडातून राखेत वायरचा काळा गोळा आणि वितळलेलं बटण दिसत होतं.

"जाऊबाई, माहा डबा कुठं गेला?"

ती तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "मीच टाकला बंबात. लोक म्हणून राहिले का या घरच्या सुनेले वेडाचे करंट देतात. पोरीबाळींचं घर हाय हे. उद्या त्यायचे लग्न कोणं करन?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते. भासरे दुकानात निघून गेले. सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं." यजमान शाळेत जाण्याआधी दारात थांबले, म्हणाले, "मी दुसरा आणून देतो." कुठून आणायचा ते त्यांनी विचारलं नाही.

मी हात धुतले आणि पोळ्यासाठी माहेरी जाते म्हणून बॅग भरली.

सावरगावला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. पांढुर्ण्याचे नदीच्या त्या काठाला, आमचे या काठाला, मधे पळसाचा झेंडा, आणि त्या झेंड्यासाठी दोन्हीकडून दगडफेक. माझा भाऊ दरवर्षी उतरायचा. त्या वर्षी तो कपाळ फुटून घरी आला, आईने हळद भरली, आणि तो मला हसत म्हणाला, "तू काऊन अशी पाहून राहिली? तुले कोणाले दगड माराचा हाय का?"

"हाय," मी म्हणाले.

"मंग नेम धरून मार," तो म्हणाला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

दोनच दिवसांनी मी वडिलांसोबत नागपूरला गेले. डॉक्टरांना सांगितलं की डबा जाळला. त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला.

"जाळला? का?"

"ढोंग आहे म्हणून."

त्यांनी कपाटातून दुसरा डबा काढला, थोडा जुना, कोपरा चेपलेला. म्हणाले, हा शेवटचा, सांभाळ. मी डबा घेतला आणि विचारलं, "डॉक्टरसाहेब, ज्याला काही समजत नाही, अशा माणसालाही पटेल असं काही आहे का?"

"तुझी नाडी आहे की," ते म्हणाले. "आडवी असताना धरायला सांग, मग उभी राहा. ज्याला बोटं आहेत त्याला कळेल."

बसमध्ये वडील विचारत होते की तू सौंसरला परत जाणार की घरी येणार. मी म्हणाले, महालक्ष्म्या आल्या आहेत, मला जायलाच हवं. त्यांना बरं वाटलं असावं की पोरीला घरची रीत कळते.

आमच्या सासरी महालक्ष्म्यांचा, म्हणजे गौरींचा, मान मोठा. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला सगळी गल्ली आणि भावकी. पुरण, कढी, वडे, आंबील, सोळा भाज्यांची भाजी. आणि रीत अशी की तो स्वयंपाक घरच्या सुनांनीच करायचा. त्यासाठी सासूबाईंची थोरली बहीण रामाकोन्याहून यायची. ती माझी मावससासू. उंच, सरळ, नऊवारीतली बाई. सगळे तिला घाबरायचे, आणि जाऊही त्यात होती. मी त्या एका बाईवर सगळी भिस्त ठेवली होती.

सकाळी बायका बैठकीत जमल्या होत्या. जाऊ मोठ्याने म्हणाली, "चाल वं, ऊठ. का आजही चक्कर येते?" दोघीचौघी हसल्या. मी तिला हेच बोलू द्यायला थांबले होते.

मी मावशीपुढे गेले आणि तिच्यासमोर चटईवर आडवी झाले. सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. 

"हे काय वं?" मावशी म्हणाली.

"मावशी, माहा हात धरा. नाडी पाहा. मंग मी उभी राहते, तेव्हाही सोडू नका. हे माहं ढोंग हाय म्हणतात. तुमीच सांगा."

मावशीने जावेकडे पाहिलं, मग खाली बसून माझं मनगट धरलं. तिची बोटं खरखरीत होती. थोड्या वेळाने मी उठले. उभी राहिले. पट्ट्या त्या दिवशी मी मुद्दाम बांधल्या नव्हत्या, पाणीही प्यायले नव्हते. काळीज धावू लागलं, कानात ठोके, डोळ्यांपुढे मुंग्या. मावशीचा चेहरा बदलताना मी पाहिला आणि पडणार नाही असं ठरवलं.

"अरे बापा," मावशी म्हणाली. "हे तं फडफडून राहिलं. कोंबडी धरल्यावानी."

शेजारची बाई म्हणाली, "पाहू." तिनेही धरलं. मग आणखी एकीने. मी भिंतीला टेकून उभी, आणि बायका एकामागून एक माझं मनगट धरून तोंडावर हात ठेवत होत्या.

"आता जाऊबाईंचा धरा," मी म्हणाले.

"माहा कायले?" जाऊ मागे सरकली.

"झोप," मावशी म्हणाली.

नागपूरची पोर, भरजरी साडीत, गल्लीतल्या बायकांसमोर चटईवर आडवी झाली. मावशीने तिचा हात धरला, तिला उठवलं, उभं केलं, धरून ठेवलं. तिची नाडी होती तशीच होती. मावशीने तिचा हात सोडून दिला. मी माझ्या पिशवीतून डबा काढला, कानाला चिमटा लावला, सांगितलं की याने काय होतं. मी उभ्यानेच, भिंतीला टेकून तो लावला. थोड्या वेळाने मावशीने पुन्हा पाहिलं. "जरा उतरली," ती म्हणाली. "सारी नाही, पण उतरली." मग विचारलं, "असा डबा तुह्याकडं आधी होता ना? तुही सासू सांगत होती."

"होता. बंबात गेला."

"कसा?"

मी जावेकडे पाहिलं. मग सासूबाई, ज्या कधी बोलत नसत, हळूच म्हणाल्या, "थोरलीनं टाकला."

 जावेचं तोंड लाल झालं होतं. ती म्हणाली, "मले का माईत होतं..." आणि थांबली, कारण माहीत असण्यासाठी काय करायला लागत होतं ते नुकतंच सगळ्यांनी पाहिलं होतं.

मावशीने निवाडा केला. "बसून जे होते ते धाकटी करते. उभ्याचं सारं थोरलीकडे. देवीचा नैवेद्य हाय, दुसऱ्या कोणी हात लावाचा नाही."

तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांपैकी एक. लग्नाचा दिवस त्याच्यापुढे काही नाही. मी माडीवर गेले, कुंडी उतरवली, स्टूल खाली आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारात मांडून त्यावर बसले. भाज्या चिरल्या, पुरण वाटलं, सगळं नीट आणि अगदी सावकाश. जाऊ ओट्यापाशी उभी होती. पुरणपोळ्यांचा ढीग, मग वडे, मग कढी, पुन्हा पोळ्या, कारण गल्ली जेवून उठली की भावकी बसायची. दुपारी तिने एक पाय दुसऱ्या पायावर टेकवला. मग ओट्याला रेलली. तिचे घोटे सुजायला लागले होते, पैंजण रुतत होतं.

"ते स्टूल दे जरा," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"ओटा उभ्यानं काम कराले असते, जाऊबाई. बाया पाहून हसतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पाहिलं आणि स्टुलावर आणखी नीट बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "कढीत मीठ कमी हाय." कमी नव्हतं.

रात्रीच्या आत सगळं आवरलं. ती भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, आणि भासरे तिच्यासाठी गरम पाणी आणायला गेले होते, तेच भासरे जे बंब पेटलेला असताना दुकानात निघून गेले होते. यजमान मला अंगणात म्हणाले, "एवढं कराचं काय होतं?"

"तुमचं वेगळं आहे," मी म्हणाले. "तुम्हाला नंतर पाहू."

त्यांनी ते मनावर घेतलं असावं. नव्या वर्षी त्यांनी पांढुर्ण्याला बदली मागून घेतली. आम्ही स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. घरमालकाने विचारलं, ओटा बांधून देऊ का. मी नाही म्हणाले. गॅसची शेगडी जमिनीवर, समोर पाट, आणि मी बसून स्वयंपाक. वेगळं राहायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. पण जावेने गल्लीभर सांगितलं होतं ते अशा तऱ्हेने खरं झालं, आणि तिने ते नंतर पुष्कळ जणांना ऐकवलंही असेल. ऐकवू दे.

डबा मी पुढचं दीडेक वर्ष वापरला. मग त्याचं बटण सैल झालं, आणि तोवर मला तो रोज लावायची गरजही उरली नव्हती. मी परत द्यायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले की तापानंतरचं हे दुखणं पुष्कळांचं वेळ गेला की आपोआप कमी होतं. मग डब्याने झालं की वेळेने, असं मी विचारलं. ते हसले, "मलाही सांगता येणार नाही. तू काय म्हणतेस?" मी म्हणाले, मीठ, पट्ट्या, डबा, सगळ्याने मिळून झालं असेल. आणखी एका गोष्टीने मी बरी झाले असं मला वाटायचं, पण ती मी त्यांना सांगितली नाही.

जावेची आणि माझी त्यानंतर बरीच वर्षं बोलचाल नव्हती. सासरे गेले तेव्हाही आम्ही एकाच घरात होतो आणि निरोप सासूबाईंमार्फत गेले. मग रामाकोन्याला मावशीच्या नातवाचं लग्न निघालं. पंगतीत वाढप्याने आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. त्याला काय माहीत. पत्रावळी मांडून झाल्या, मिठाची चिमूट वाढून झाली, आणि जाऊ समोर बघत म्हणाली, "तुहा राग गेला का नाही अजून?"

मी थोडा विचार केला. खोटं बोलता आलं असतं, लग्नघर होतं.

"नाही," मी म्हणाले.

"माहाही नाही गेला," ती म्हणाली. "ते दिवशी सगळ्यायसमोर मले झोपवलं तुनं. मी मरेपर्यंत विसरणार नाही."

ती हे खरंच बोलत होती. इतक्या वर्षांनंतरही तिचा आवाज कापत होता. तेवढ्यात वरण-भात आला, तूप आलं, आणि मी पोटभर जेवले.